छताखालचं मैदान (भाग ९) : अडतीसच्या आत

आज डेट्रॉइटला जायचं ठरलं होतं. जाऊच, पण आधी साताऱ्याच्या एका वाचकबाईंचं पत्र. बाईंनी चांगलंच फैलावर घेतलंय. ‘आठ आठवडे तुम्ही जाळी, जाळी करताय. ती नक्की असते कुठे, आणि चेंडू तिच्यावर आपटून परत आला तरी खेळ थांबत का नाही? शिवाय तुम्ही कधी अरेना फुटबॉल लिहिता, कधी इनडोअर फुटबॉल. दोन्ही एकच का?’

चूक माझी. रोज पाहणाऱ्याला जाळी दिसेनाशी होते.

मैदानाच्या दोन्ही टोकांना गोलचे खांब असतात. दोन खांबांमधलं अंतर ९ फूट, आडवा दांडा जमिनीपासून १५ फुटांवर. बाहेरच्या मोठ्या खेळात हेच अंतर साडेअठरा फूट असतं, म्हणजे इथे किक मारणाऱ्याला निम्म्याच दारातून चेंडू घालायचा. आणि दाराच्या दोन्ही अंगांना ताणून बांधलेल्या जाळ्या, प्रत्येकी ३० फूट रुंद आणि ३२ फूट उंच. खालची कड जमिनीपासून ८ फुटांवर. पास किंवा चुकलेली किक या जाळीवर आपटून परत आली की चेंडू जिवंतच. जमिनीला टेकायच्या आत आपल्या गड्याने पास झेलला तर टचडाउन, समोरच्याने झेलला तर चेंडू त्यांचा. चुकलेली किक समोरच्याने उचलावी आणि धावत सुटावं.

चाळीत क्रिकेट खेळलेल्याला हे समजवावं लागू नये. समोरच्या बिऱ्हाडाच्या भिंतीवर आपटून आलेला चेंडू एका हाताने झेलला की आउट. भिंत हा आमचा बारावा गडी होता, आणि तो दोन्ही बाजूंनी खेळायचा.

आता नावाचा घोळ. हा खेळ शोधणाऱ्या जिम फॉस्टरच्या लिफाफ्याची गोष्ट दुसऱ्या भागात झालीच आहे. त्या लिफाफ्यावरच्या खेळाचं फॉस्टरने चक्क पेटंट काढलं आणि १९९० मध्ये ते त्याला मिळालंही. खेळाचं पेटंट! आट्यापाट्यांचं पेटंट कुणी काढलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून मी एक संध्याकाळ घालवलेली आहे. परिणाम असा झाला की नव्वदच्या दशकाच्या शेवटी इतरांनी छताखालच्या लीग काढल्या, तेव्हा मैदान तेवढंच, मैदानाभोवतीची भिंतही तशीच, पण जाळी लावायची सोय नाही. जाळीवाला तो ‘अरेना’, बिनजाळीचा तो ‘इनडोअर’, अशी बोलण्यात विभागणी झाली. २००७ मध्ये पेटंटची मुदत संपली, तरी बहुतेकांनी जाळी लावली नाही. आज चालू असलेली इनडोअर फुटबॉल लीगही जाळीशिवायच खेळते. चांगला खेळ आहे, नाही म्हणत नाही. पण कॅरमच्या कडा काढून ठेवल्या तर सोंगट्या पडतील, रिबाउंडची मजा कुठून येणार?

बाई, झालं का समाधान? पण या जाळीमुळेच मला आज कोच टिम मार्कमबद्दल एक गोष्ट सांगता येणार आहे, जी मी खरं तर लेखमालेच्या शेवटासाठी राखून ठेवली होती.

माझ्याकडे एक लाल कापडी बांधणीची चोपडी आहे, वाण्याकडे उधारीची असते तशी. तीत मी अरेनाबोलचे, म्हणजे अरेना फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्यांचे, निकाल उतरवून ठेवलेत. मार्कम कोच म्हणून अकरा अंतिम सामने खेळला. सात जिंकला, चार हरला. वर्षानुवर्षं मी त्याच्या संघाचे गुण बघत होतो. एकदा वीज गेलेली, मेणबत्तीच्या उजेडात चाळा म्हणून फक्त समोरच्या संघाचे गुण एका ओळीत लिहिले. जिंकलेले सात आधी: १६, १३, २६, ३८, ३५, ३८, २९. मग हरलेले चार: ४८, ५१, ६२, ६९.

पुन्हा वाचा. जिंकला तेव्हा समोरचा कधीही अडतीसच्या वर गेला नाही. हरला तेव्हा समोरचा कधीही अठ्ठेचाळीसच्या खाली राहिला नाही. मधल्या दहा गुणांच्या पट्ट्यात एकही सामना नाही. मेणबत्ती संपेपर्यंत मी ते आकडे तपासत होतो.

यात विशेष ते काय, असं वाटेल. पण या खेळात एका संघाचे चाळीस-पन्नास गुण होणं ही रोजची बाब आहे. खेळ मांडलाच आहे हल्ला करणाऱ्याच्या बाजूने. मैदान ५० यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या टोकाला टोक लावल्या तर सहा यार्ड उरतात. रुंदी ८५ फूट. पंट करायला, म्हणजे लाथाडून चेंडू लांब पिटाळायला, परवानगी नाही. हल्ल्याच्या बाजूचा एक गडी चेंडू सुटायच्या आधीच पुढे धावत येऊ शकतो, म्हणजे त्याने वेग घेतलेला असतो आणि बचाव करणारा जागीच उभा असतो. बचावात क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, अंगावर जायला फार तर चौघे. दुसऱ्या लाइनबॅकरला, ज्याला ‘जॅक’ म्हणतात, ठरलेली चौकट सोडता येत नाही. आणि जाळी तर हल्लेखोराची सख्खी बहीण. अशा खेळात बहुतेक कोच शहाणपणाने एकच करतात: आपण साठ करू, समोरच्याने पन्नास केले तरी चालतील.

मार्कमने तसं केलं नाही, आणि आकडे त्याची साक्ष देतात. त्या काळी गडी ‘आयर्नमॅन’ असायचे. संघात आठ खेळणार, त्यातले बहुतेक हल्ल्यातही आणि बचावातही. पास झेलणारा रिसीव्हर दोन मिनिटांनी समोरच्या रिसीव्हरच्या मागे धावणार. अशा वेळी संघ निवडताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा, यातच कोचची जात कळते. झेलतो किती छान, की पाडतो किती छान?

भिंतीचंही तसंच. २००२ च्या उन्हाळ्यात मी बहिणीकडे टँपाला होतो. मेहुण्याने पहिल्या रांगेची तिकिटं काढली. पहिली रांग म्हणजे अक्षरशः भिंतीला गुडघे टेकलेले. हॉकीच्या रिंगणाची ती भिंत, वर फोमच्या जाड गाद्या, गाद्यांवर जाहिराती. पास झेलायला आलेला एक धिप्पाड गडी गादीवर आपटला, वरून उलटा झाला आणि आमच्या मेहुण्याच्या मांडीवरच्या कागदी ताटलीत हात घालून थांबला. चीजचं पिवळं कालवण शर्टभर. गड्याने ‘सॉरी’ म्हटलं, हात गादीला पुसला आणि परत आत उडी मारली. बहीण अजून त्या शर्टाचा विषय काढते. आणि लोकांत गेलेला चेंडू परत द्यायचा नसतो, ज्याच्या हाती लागला त्याचा. आमच्या मागच्या रांगेतल्या एका पोराने तो पोटाशी धरला होता, दोन्ही हातांनी, कुणी मागितला नसतानाही.

पण मला तिथे उमगलं ते वेगळंच. चेंडू घेऊन पळणाऱ्याला कमरेने भिंतीवर दाबला की खेळी संपली. त्याला पाडायची गरज नाही. टँपाचा बचाव पळणाऱ्याला मधे पाडण्याच्या फंदात फारसा पडतच नव्हता, त्याला कडेला ढकलत नेत होता. जाळी हल्ल्याची असेल, पण भिंत बचावाची आहे. हे मी टीव्हीवर दहा वर्षं पाहूनही पाहिलं नव्हतं.

चला, डेट्रॉइट.

मार्कमच्या १९८७ च्या डेन्व्हर संघाची गोष्ट मागच्या भागात झाली: पिट्सबर्गला त्यांच्याच घरी ४५–१६. १९८८ ला मार्कम डेट्रॉइट ड्राइव्हचा कोच झाला. मालक माइक इलिच, लिटल सीझर्स पिझ्झावाला. पहिल्याच वर्षी शिकागोच्या दारात जाऊन शिकागोला २४–१३. दोन्ही संघांचे मिळून सदतीस गुण! एवढे तर एखाद्या सामन्यात मध्यंतरालाच होतात. १९८९ ला पुन्हा पिट्सबर्ग, ३९–२६. १९९० ला मार्कम संघासोबत नव्हता. पेरी मॉस नावाचा जुना, मुरलेला कोच आला आणि डॅलसला ५१–२७ असं हरवून त्यानेही करंडक आणला. म्हणजे श्रेय सगळं मार्कमचं नाही, हे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. तरी तो २७ चा आकडा बघून मला हसू आलंच.

मॉसचं नाव लक्षात ठेवा.

१९९१ ला मार्कम परतला, आणि डेट्रॉइटच्या घरच्या मैदानावर टँपा बे स्टॉर्मने ४८–४२ असं हरवलं. आता हे टँपा बे कोण? पिट्सबर्गच! मार्कमने ज्यांना दोन अंतिम सामन्यांत लोळवलं तोच संघ त्या वर्षी गाशा गुंडाळून फ्लोरिडात गेला होता. नाव नवं, हिशोब जुना. १९९२ ला ऑर्लँडोवर ५६–३८, आणि १९९३ ला पुन्हा टँपाकडून हार, ५१–३१.

सहा हंगाम, सहाही अंतिम सामने, चार करंडक. असा संघ कुणी विकतं का? इलिचने विकला. १९९२ मध्ये त्याने डेट्रॉइट टायगर्स हा बेसबॉलचा संघ घेतला होता, तोही डॉमिनोज पिझ्झाच्या मालकाकडून. पिझ्झ्याने पिझ्झ्याकडून घेतला. बेसबॉलही उन्हाळ्यात, छताखालचं फुटबॉलही उन्हाळ्यात, एकाच घरात दोन दुकानं कशाला? ड्राइव्ह गेला मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला, नाव बदललं, मार्कम मात्र सोबत गेला नाही. १९९४ चा एक हंगाम, आणि संघ बंद. या धंद्यात कोचच्या घरची भांडी कायम अर्धी खोक्यात असतात.

आणि मग १९९५ ला मार्कम गेला कुठे? टँपाला. ज्यांना दोनदा हरवलं, ज्यांच्याकडून दोनदा हरला, त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसला. टँपाहून ऑर्लँडोला आय-४ या एकाच महामार्गाने जातात, आणि तिथले लोक या दोन संघांच्या सामन्याला ‘आय-४ वरची लढाई’च म्हणायचे. त्या वर्षी अंतिम सामन्यात समोर ऑर्लँडोच. ऑर्लँडोचा कोच? पेरी मॉस. ४८–३५.

१९९६ चा अंतिम सामना आयोवातल्या डे मॉइनमध्ये. घरच्या संघाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, जो काही काळापूर्वी सुपरमार्केटच्या फळ्यांवर तासाला साडेपाच डॉलरने माल लावत होता आणि पुढे २००० च्या जानेवारीत सुपर बोल जिंकून त्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वॉर्नरला मार्कमच्या संघाने रोखलं, ४२–३८. अडतीस. काठावर, पण आत. (हाच वॉर्नर पुढे भारतात निघालेल्या एलिट फुटबॉल लीगच्या पाठीराख्यांत होता. त्या लीगमध्ये पुणे मराठाज नावाचा संघ होता. मैदान उघडं, छप्पर नाही, म्हणून या लेखमालेत त्याला एवढीच जागा.)

नाशिकच्या एका वाचकाने विचारलंय की, २०११ मध्ये मार्कमला पद का सोडावं लागलं हे मी अजून लिहिलेलं नाही, ते का? लिहिणार आहे. वंशद्वेषी आणि अश्लील ई-मेलचं ते प्रकरण कोर्टातल्या जबाबातून बाहेर आलं, आणि त्यानंतर तो परत कोच झाला नाही. २०१३ च्या डिसेंबरात गेला. मला त्याचा बचाव आवडतो म्हणून माझ्याकडून त्याचा बचाव होणार नाही. पण त्याला क्रमाने येऊ द्या.

क्रमाने आधी येतं ते १९९८. ते आजच सांगायचं होतं, जाळीने जागा खाल्ली. १९९५ आणि १९९६ चे दोन्ही करंडक ज्याच्या हातांनी आले तो टँपाचा क्वार्टरबॅक जे ग्रुडन. मार्कमची प्रत्येक चाल त्याने रोजच्या सरावात आतून पाहिलेली. खेळणं थांबवून तो कोच झाला, आणि झाला कुठला, तर मॉसच्या जागी ऑर्लँडोचा. पहिल्याच हंगामात अंतिम सामना, समोर मार्कम. चोपडीत त्या ओळीखाली मी पेन्सिलीने दोन रेघा मारल्यात: ऑर्लँडो ६२, टँपा ३१.

सामन्याची जुनी कॅसेट आहे, व्हीसीआर दुरुस्तीला टाकलाय. शनिवारपर्यंत देतो म्हणालाय.