किल्ट : गुराख्याचा पोशाख

बॅगपाइप वाजवणारा स्कॉटलंडचा वादक तुम्ही चित्रात किंवा टीव्हीवर नक्की पाहिला असेल. गाल फुगवून तो वाद्यात हवा भरत असतो. पायांत लांब लोकरी मोजे, अंगात कोट आणि कमरेला रंगीत चौकटींचे, गुडघ्यापर्यंत येणारे, मागे चुण्या असलेले वस्त्र. हे चित्र वर्गात दाखवले, की कोणीतरी हळूच विचारतोच, "याने परकर का नेसला आहे?"

त्या वस्त्राला किल्ट म्हणतात आणि तो परकर नाही. आज स्कॉटलंडमधील पुरुष किल्ट घालतात ते मुख्यतः लग्नात आणि समारंभात. पण तीनशे वर्षांपूर्वी तो डोंगरात गुरे राखणाऱ्या, चिखल तुडवणाऱ्या, उघड्यावर झोपणाऱ्या गरीब माणसाचा रोजचा पोशाख होता. गुराख्याच्या अंगावरून तो नवरदेवाच्या अंगावर कसा गेला, ते आता पाहू.

त्यासाठी आधी तो मुलूख डोळ्यांसमोर आणा. ब्रिटनच्या उत्तर भागाला स्कॉटलंड म्हणतात. त्याचा उत्तर आणि पश्चिम भाग डोंगराळ आहे. त्याला हायलंड असे नाव आहे. दक्षिणेकडील सखल भाग तो लोलंड. हायलंडमध्ये त्या काळी लोक गेलिक भाषा बोलत. तेथे पाऊस वर्षभर पडतो, वारा बोचरा असतो आणि सपाट दिसणारी जमीनही पुष्कळदा दलदलीची निघते. पक्के रस्ते जवळजवळ नव्हतेच. शेतीत थोडे ओट नावाचे धान्य पिके. खरी संपत्ती म्हणजे लहान चणीची काळी गुरे. उन्हाळ्यात ही गुरे उंचावरच्या कुरणांत न्यायची आणि पुढे विक्रीसाठी शेकडो मैल हाकत दक्षिणेच्या बाजारांत पोहोचवायची. वाटेत ओढे पायीच ओलांडावे लागत आणि रात्र माळावरच काढावी लागे.

अशा माणसाला कसे कपडे सोयीचे? विजार ओढ्यात भिजली, तर दिवसभर पायांना चिकटून राहते. उघडे पाय मात्र चालता चालता वाळतात. त्यांच्या कातडी जोड्यांनाही पाणी बाहेर जावे म्हणून भोके पाडलेली असत! घोड्यावर बसणारे सरदार अंगाबरोबर घट्ट बसणारी विजार घालत. पायी चालणाऱ्याचे वस्त्र म्हणजे किल्ट.

जुना किल्ट आजच्यासारखा शिवलेला नव्हता. तो लोकरीच्या कापडाचा एक लांबच लांब तुकडा असे. गेलिक भाषेत त्याला 'फेला मोर', म्हणजे मोठी गुंडाळी, असे म्हणत. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याची वर्णने सापडतात. तुमच्यापैकी जी मुले मालेगावची किंवा भिवंडीची आहेत, त्यांना मागाची माहिती घरातूनच असते. ताना-बाना हा शब्द त्यांना कोणी समजावून सांगायला नको. मागाच्या रुंदीपेक्षा कापड रुंद निघत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. हायलंडमधील हातमाग अरुंद होते. त्यांवर साधारण 25 ते 30 इंच पन्ह्याचे कापड निघे. म्हणून आठ-नऊ वार कापड विणून ते मधोमध कापत आणि दोन्ही तुकडे लांबीच्या बाजूने एकमेकांना जोडत. मग साडेचार-पाच फूट रुंद आणि चार-साडेचार वार लांब असे वस्त्र तयार होई. म्हणजे एका माणसाच्या पोशाखाला जवळजवळ आपल्या नऊवारी लुगड्याएवढे कापड लागे.

ते नेसण्याची एक रीत सांगतात. जमिनीवर पट्टा ठेवायचा. त्यावर कापड पसरून हाताने निऱ्या घालायच्या. मग त्यावर उताणे पडायचे, दोन्ही बाजूंची टोके पोटावर घ्यायची, पट्टा आवळायचा आणि उठून उभे राहायचे. कमरेखालचा भाग गुडघ्यापर्यंत येई. वरचा मोठा भाग मागे लोंबत राही. तो खांद्यावर घेऊन काट्याने अडकवत. पाऊस आला, की तोच डोक्यावरून घेत. काम करताना तो कमरेशी खोचून टाकला, की दोन्ही हात मोकळे. 'किल्ट' या शब्दाचा मूळ अर्थच वस्त्र वर घेऊन खोचणे असा आहे. शेतात उतरताना आपल्याकडे लुगडे किंवा तहमद वर खोचतात, तसेच हे.

रात्री पट्टा सोडला, की त्याच वस्त्राचे अंथरूण आणि पांघरूण होई. आपल्याकडचा धनगर घोंगडी कशी वापरतो, ते आठवा. एडवर्ड बर्ट नावाचा इंग्रज अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हायलंडमध्ये राहत होता. त्याने आपल्या पत्रांत लिहिले आहे, की थंड वाऱ्यात उघड्यावर झोपायची वेळ आली, तर हे लोक आपले वस्त्र आधी ओढ्यात भिजवत आणि मग त्यात स्वतःला गुंडाळून घेत. ऐकायला विचित्र वाटते. पण ओली लोकर फुगते, तिची छिद्रे बुजतात आणि मग वारा आत शिरत नाही. बर्टने त्या वस्त्राच्या वासाचीही तक्रार केली आहे. दिवसा अंगरखा आणि रात्री पांघरूण असलेल्या कापडाला वास येणार नाही तर काय!

हे कापड घडत असे ते स्त्रियांच्या हातून. लोकर पिंजणे, सूत कातणे, ते रंगवणे ही त्यांची कामे. खडकांवर उगवणाऱ्या दगडफुलासारख्या वनस्पतींपासून तांबूस-तपकिरी रंग मिळे. झाडांच्या साली आणि मुळे यांपासून इतर रंग काढत. विणून झालेले कापड दाट व्हावे म्हणून ते शिळ्या मूत्रात भिजवत. नाक मुरडू नका. शिळ्या मूत्रात अमोनिया असतो आणि अमोनियाने लोकरीतील तेलकटपणा निघतो. नंतर बायका एका लांब फळीभोवती समोरासमोर बसत आणि ते ओले कापड गाण्याच्या तालावर आपटत, चोळत. या कामाची गेलिक गाणी आजही गायली जातात. ठेका चुकला, की हात चुकलाच.

कापडावरील चौकटींच्या नक्षीला टार्टन म्हणतात. प्रत्येक घराण्याची टार्टन प्राचीन काळापासून ठरलेली आहे, असे आज अनेकांना वाटते. परंतु मार्टिन मार्टिन या लेखकाने 1703 साली छापलेल्या पुस्तकात वेगळेच सांगितले आहे. बेटाबेटांतील नक्षी वेगळी असे आणि जाणकार माणूस वस्त्र पाहून ते कोणत्या ठिकाणचे, हे ओळखत असे. म्हणजे नक्षी होती गावच्या विणकराची. घराण्यांच्या टार्टन बऱ्याचशा पुढे एकोणिसाव्या शतकात ठरल्या.

मग वरचा भाग गेला आणि गुडघ्यापर्यंतचा छोटा किल्ट आला, तो केव्हा? याविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. 1720 नंतरच्या दशकात टॉमस रॉलिन्सन या इंग्रज कारखानदाराने हायलंडमध्ये लोखंडाची भट्टी काढली. झाडे तोडणाऱ्या आणि भट्टीवर राबणाऱ्या मजुरांना तो मोठा पोशाख अडचणीचा होई. म्हणून त्याने खालचा भाग वेगळा करून घेतला, असे 1785 साली छापलेल्या एका पत्रात म्हटले आहे. सर्व अभ्यासकांना हे मान्य नाही. मजुरांना स्वतःला ही युक्ती सुचली नसेल, असे मला तरी वाटत नाही.

आता दुःखाचा भाग येतो. ब्रिटनचे राज्य गमावलेल्या स्ट्युअर्ट घराण्यातील चार्ल्स एडवर्ड याने 1745 साली बंड केले. हायलंडमधील अनेक टोळ्या त्याच्या बाजूने लढल्या. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडन येथे त्यांचा पुरता पराभव झाला. पुन्हा बंड होऊ नये म्हणून सरकारने कडक कायदे केले. त्यांपैकी एक होता पोशाखाचा. 1 ऑगस्ट 1747 पासून स्कॉटलंडमधील कोणत्याही पुरुषाने किंवा मुलाने किल्ट घालायचा नाही, खांद्यावरचे ते वस्त्र घ्यायचे नाही, असा हुकूम झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, तीही जामिनाशिवाय. दुसऱ्या गुन्ह्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी! स्त्रियांना हा कायदा लागू नव्हता.

सरकारला हा बंडखोरांचा गणवेश वाटला. पण डोंगरावर रात्र काढणाऱ्या गुराख्याच्या बाजूने विचार करा. त्याचे अंथरूण-पांघरूण त्याच्या अंगावरूनच त्याच्याबरोबर जात असे. ते अंगावर घ्यायचे नाही, तर थंडीत करायचे काय? बदली कपडे घ्यायला पैसे कोठले? लोकांनी पळवाटाही शोधल्या. कोणी किल्ट मधोमध टाके घालून विजारीसारखा केला. विजार घाला, असा हुकूम आहे, पण ती पायांतच घाला असे कोठे म्हटले आहे, असे म्हणून कोणी ती काठीला अडकवून खांद्यावर मिरवली, असे सांगतात. पुढे पुढे अंमलबजावणी सैल झाली, तरी कायदा 35 वर्षे टिकला.

एका ठिकाणी मात्र किल्टला मोकळीक होती. ती म्हणजे सरकारचे सैन्य. ज्या पोशाखासाठी घरी राहणाऱ्याला तुरुंग होता, तोच पोशाख पलटणीत भरती झालेल्याला सरकारी खर्चाने मिळे. या हायलंडर पलटणी जगभर लढल्या. आपल्या जालना जिल्ह्यातील असई येथे 1803 साली इंग्रज आणि मराठे यांची जी लढाई झाली, तिच्यात 74 आणि 78 क्रमांकांच्या हायलंडर पलटणी होत्या.

1782 साली कायदा रद्द झाला. आता सगळे गुराखी पुन्हा किल्ट नेसू लागले असतील, असे तुम्ही म्हणाल. तसे झाले नाही. बंदीच्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आता पंचेचाळीस वर्षांचा झाला होता. विजारीची सवय जडली होती. रंगांची आणि नक्षीची जुनी माहिती असलेली माणसे पुष्कळशी गेली होती. शिवाय त्याच काळात जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी कुळांना दऱ्याखोऱ्यांतून हुसकावून लावायला सुरुवात केली. हजारो कुटुंबे कॅनडासारख्या दूरदेशी गेली. जेथे घरच उरले नाही, तेथे माग कोठून राहणार?

किल्ट पुन्हा उचलला तो श्रीमंतांनी. 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरा शहरात आला. स्वागताची व्यवस्था कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्याकडे होती. त्यांनी सर्वांना हायलंडच्या पोशाखात येण्याचे सुचवले. ज्यांचे आजोबा या पोशाखाला रानटी म्हणत, ते लोलंडचे सभ्य गृहस्थही शिंप्याकडे धावले. राजाने स्वतः एकदा किल्ट घातला, तो खाली गुलाबी घट्ट मोजे चढवून. त्याच्या पोशाखाचे बिल 1300 पौंडांहून अधिक झाले होते. बॅनकबर्न गावच्या विल्सन यांच्या कारखान्यातील माग टार्टनच्या मागण्यांनी भरून गेले. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या घराण्याने हायलंडमध्ये बालमोरल येथे वाडा घेतला आणि किल्टला राजमान्यताच मिळाली.

आज किल्ट शिवायला साधारण आठ वार कापड लागते. चुण्या सगळ्या मागे असतात. खिसे नसल्यामुळे पुढे कातडी बटवा लोंबतो. हायलंडच्या खेड्यातील मेंढपाळ मात्र कामावर विजार आणि रबरी बूटच घालतो. तेथे उन्हाळ्यात चिलटांचे थवे असे चावतात, की उघड्या पायांनी उभे राहणे कठीण. रोज किल्ट घालणारी काही हौशी माणसे आहेत. ती जाड सुती कापडाचा, खिसे असलेला किल्टही वापरतात. बाकी लोक तो खेळांच्या जत्रेत आणि लग्नात घालतात. हाताने शिवलेल्या नव्या किल्टला शेकडो पौंड पडतात. म्हणून पुष्कळ नवरदेव तो बटव्या-मोज्यांसकट दुकानातून भाड्याने आणतात आणि लग्न झाले, की परत नेऊन देतात.