डोळ्यातला न दुखणारा गुलाबी डाग

“डॉक्टर, डोळ्यात मांस वाढलंय. आठ महिने थेंब घालतोय,” असे सांगत साठी उलटलेले एक गृहस्थ तपासणीस आले. डोळा दुखत नव्हता, चिपडे येत नव्हती, नजरही चांगली होती. खालची पापणी ओढून पाहिली, तर आत मऊ, गुळगुळीत गुलाबी डाग. इंग्रजी पुस्तकांत याला सामन माशाच्या मांसाची उपमा देतात. तो मासा आपल्या बाजारात कुठला? आपण गुलाबी पेरूचा गर डोळ्यांपुढे आणावा.

असा डाग लिम्फोमाचा असू शकतो. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट या पेशी रोगजंतूंशी लढतात. त्यांचीच बेसुमार वाढ झाली की लिम्फोमा होतो. या रोगात मानेत, काखेत गाठी येतात हे पुष्कळांना ठाऊक असते. पण तो डोळ्याच्या पातळ पडद्यात, अश्रुग्रंथीत किंवा खोबणीतही होतो. खोबणीत झाल्यास डोळा हळूहळू पुढे येतो, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. हा आजार बहुधा उतारवयातला.

स्टेरॉइडच्या थेंबांविषयी मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. स्टेरॉइडने या पेशी काही काळ मरतात, सूज ओसरते आणि रुग्णाला गुण आल्यासारखे वाटते. थेंब थांबले की डाग पुन्हा वाढतो. शिवाय त्यामुळे तपासणीचा निष्कर्षही फसवा येऊ शकतो. या गृहस्थांनी दुकानातून परस्पर थेंब आणले होते. त्यांचे आठ महिने असे गेले.

डागाचा लहानसा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी, हाच निदानाचा खरा मार्ग. कारण असा प्रत्येक डाग कर्करोगाचा नसतो. काही साधेच असतात आणि नुसत्या नजरेने फरक कळत नाही. “सुरी लावली की रोग पसरतो,” असे त्यांच्या घरच्यांचे म्हणणे होते. ही भीती निराधार आहे. निदान पक्के झाल्यावर स्कॅन करून रोग शरीरात इतरत्र आहे का, हेही पाहतात.

‘कॅन्सर’ म्हटल्यावर गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, “डोळा काढणार?” सहसा तशी वेळ येत नाही. येथे सर्वांत जास्त आढळणारा ‘माल्ट’ प्रकार संथपणे वाढतो. आयझॅकसन आणि राइट यांनी १९८३ साली त्याचे प्रथम वर्णन केले, तेही पचनमार्गातल्या रोगाचे! रोग डोळ्यापुरताच असेल तर किरणोपचाराने बहुतेकांचा डाग नाहीसा होतो. साधारण २४ ग्रे मात्रा अनेक दिवसांत विभागून देतात. काही ठिकाणी दोन बैठकांत अवघे ४ ग्रे देऊनही काम भागते. पुढे डोळा कोरडा पडणे, मोतीबिंदू होणे हे त्रास संभवतात. रोग पसरलेला असल्यास रिटुक्सिमॅबसारखी औषधे देतात.

डोळ्याच्या आतला लिम्फोमा मात्र वेगळा आणि घातक. त्यात नजर धुरकट होते, डोळ्यांपुढे ठिपके तरंगतात. त्याचा संबंध मेंदूशी असल्याने मेंदूचाही स्कॅन करावा लागतो.

आपल्या गृहस्थांचा डाग किरणोपचारानंतर गेला. तरीही ते दर सहा महिन्यांनी येतात, कारण हा रोग काही वर्षांनी दुसऱ्या डोळ्यातही उगवू शकतो.