खिमा, भाज्या आणि सावजी वाटण

नागपूरच्या जुन्या शहरात, म्हणजे भोसल्यांच्या वाड्याभोवती वाढलेल्या महालात आणि त्यापलीकडच्या इतवारी, गोळीबार चौक या वस्त्यांत, मांसाहारी रश्शाची जी पद्धत रुजली ती सावजी या नावाने ओळखली जाते आणि तिचे नाते हातमागावर लुगडी विणणाऱ्या हलबा कोष्टी समाजाशी आहे. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे गिरण्यांच्या स्वस्त कापडापुढे हातमागाची मिळकत आटत गेली, तेव्हा काही विणकर कुटुंबांनी घरचाच स्वयंपाक विकायला काढला आणि त्यातून आजची सावजी भोजनालये उभी राहिली, असे सांगितले जाते. या भोजनालयांत मटणाबरोबर खिमाही मिळतो. त्यात भाज्या घालून एकाच भांड्यात पोटभर होईल असा रस्सा करणे हा मात्र घरच्या चुलीवरचा प्रकार आहे, आणि तो नीट जमण्यासाठी त्यामागचे कारण-कार्य समजून घेणे उपयोगाचे ठरते.

पाश्चात्त्य देशांत अशा पदार्थाला स्ट्यू म्हणतात आणि तेथे तो बहुधा गोमांसाचा असतो. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्याने बंदी आली, १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवताना परराज्यातून आणलेले असे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही. त्यामुळे नागपूरच्या घरात खिमा म्हणजे मुख्यतः बोकडाचा आणि काही घरांत म्हशीचा. म्हणून गोमांस मराठी स्वयंपाकाला परके होते असे मात्र नव्हे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील दलित घरांच्या अन्नाची जी नोंद आहे, तीत मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्यांना मोठे स्थान आहे. पाककृतींच्या रूढ पुस्तकांनी हा भाग वगळला, हा त्या पुस्तकांचा तोकडेपणा मानावा लागतो.

मांसाच्या मोठ्या तुकड्यांचा रस्सा दाट होतो तो कोलॅजनमुळे. कोलॅजन म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन; ते मंद आचेवर दोन-तीन तास शिजले की विरघळून त्याचे जिलेटिन बनते आणि पाण्याला अंग येते. खिम्यात तंतू आधीच कापले गेलेले असल्याने तो अर्ध्या तासात मऊ होतो, परंतु एवढ्या वेळात कोलॅजन फारसे विरघळत नाही, आणि म्हणून नुसता खिमा पाण्यात शिजवला तर खाली दाणे आणि वर पातळ पाणी असा प्रकार होतो. सावजी पद्धतीची खरी किंमत येथे कळते, कारण तिच्यात दाटपणाचा भार मांसावर नसून वाटणावर असतो.

या वाटणात सुके खोबरे, खसखस, धने, भाजलेला कांदा, आले आणि लसूण हा पाया असतो, तर लवंग, मिरी, दालचिनी, मोठी वेलची, शहाजिरे, जायपत्री, तेजपान आणि दगडफूल यांनी गंध येतो. दगडफूल हे फूल नसून खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारे शैवाक (लायकेन) आहे. ते कच्चे असताना जवळजवळ निर्गंध वाटते आणि तेलात परतल्यावरच त्याचा मातकट, धुरकट वास मोकळा होतो. सावजी मसाल्यात ३२ जिन्नस असतात असे हौसेने सांगितले जाते, पण घरच्या भांड्याला दहा-बारा पुरे होतात. भाजण्यातली हयगय जिन्नसांची संख्या वाढवून भरून निघत नाही. जड मसाले आधी, खोबरे त्यानंतर आणि चटकन करपणारी खसखस सर्वांत शेवटी, अशा क्रमाने मंद आचेवर भाजून ते पाण्याच्या हबक्यावर गंधासारखे बारीक वाटावे लागतात. काही घरांत याच वाटणात चमचाभर भाजलेले ज्वारीचे पीठ मिसळतात. त्यातील स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि रस्सा आणखी मिळून येतो.

चौघांसाठी अर्धा किलो खिमा पुरतो. तो खांद्याच्या किंवा मांडीच्या मांसाचा, थोडी चरबी राखलेला आणि शक्यतो सुऱ्याने हाताने कापलेला घ्यावा, कारण यंत्रातून दोनदा काढलेला खिमा शिजताना लगद्यासारखा होतो. जाड बुडाच्या पातेल्यात पाच-सहा चमचे तेल चांगले तापवून त्यात खिमा पसरावा आणि सुटलेले पाणी आटून तळाशी तपकिरी खरपूड धरेपर्यंत ढवळण्याची घाई करू नये. हा तपकिरी रंग म्हणजे प्रथिने आणि शर्करा यांच्यात सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेगाने घडणाऱ्या मेलार्ड अभिक्रियेचे फळ आहे, आणि भांड्यात पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहत असल्याने ते आटल्याशिवाय हा खमंगपणा येत नाही. मीठही खिमा मोकळा झाल्यावरच घालावे. आधी घातल्यास मांसातील प्रथिने चिकट होऊन त्याच्या गुठळ्या बनतात.

परतलेला खिमा बाजूला काढून त्याच भांड्यात वाटण, हळद आणि तिखट घालून तेल सुटेपर्यंत परतावे. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे आणि रंगासाठी तीच घेणे स्वाभाविक आहे. मिरचीचा आणि हळदीचा रंग पाण्यात नव्हे तर तेलात विरघळतो, म्हणून वाटणातले पाणी उडून तेल वेगळे झाले की ते लाल होऊन वर येते. यालाच तरी म्हणतात. विदर्भात पूर्वी यासाठी जवसाचे तेल वापरत, परंतु त्यात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ल असल्याने ते लवकर खवट होते आणि कडक आच त्याला सोसत नाही, तेव्हा परतायला शेंगदाण्याचे तेल घेऊन चवीपुरते चमचाभर जवसाचे तेल अखेरीस घालणे अधिक शहाणपणाचे.

खिमा परत भांड्यात घालून चार वाट्या कढत पाणी ओतले की भाज्यांची पाळी येते, आणि बहुतेक रस्से येथेच बिघडतात. दोन बटाट्यांच्या मोठ्या फोडी आणि एक गाजर प्रारंभीच घालावे, वांगी किंवा मुंगण्याच्या शेंगा, म्हणजे शेवगा, दहा मिनिटांनी, आणि हिवाळ्यातले ताजे मटार शेवटच्या सात-आठ मिनिटांत. टोमॅटो घालायचाच असेल तर बटाटा बोटाने दाबला जाईल इतका शिजल्यावर घालावा, कारण आंबटपणामुळे भाज्यांच्या पेशी जोडून ठेवणारे पेक्टिन घट्ट राहते आणि फोडी कितीही उकळल्या तरी कचकच करतात. एकूण पंचवीस ते तीस मिनिटे मंद आच पुरते. म्हशीचा खिमा जाड तंतूंचा असल्याने त्याला पाऊण तास द्यावा आणि भाज्या तेवढ्याच उशिरा टाकाव्यात. उतरवताना बारीक चिरलेला सांबार, म्हणजे विदर्भातील कोथिंबीर, भुरभुरावा; सोबत ज्वारीची भाकरी, कांदा आणि लिंबू असले म्हणजे वेगळ्या भाजीची गरज उरत नाही.

खिम्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. अखंड तुकड्याच्या फक्त पृष्ठभागावर असणारे जिवाणू कापताना खिम्यात सर्वत्र मिसळतात, त्यामुळे तो आतपर्यंत किमान ७१ अंश सेल्सिअस तापला पाहिजे, आणि मंद उकळणारा रस्सा ही अट सहज पुरी करतो. कच्चा खिमा शीतकपाटात एक-दोन दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये. शिजलेला रस्सा मुरल्यावर दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागतो, परंतु तो झाकून ओट्यावर तसाच ठेवण्याची सवय नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात महागात पडते. अशा दिवसांत उरलेला रस्सा उथळ भांड्यात काढून तासाभराच्या आत शीतकपाटात जायला हवा. थंड झाल्यावर तो खिरीसारखा घट्ट होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी वाटीभर कढत पाणी घालून चांगली खळखळून उकळी आणावी आणि तिखट-मीठ पुन्हा चाखून पाहावे.