घरातला समुद्र हलवताना

१६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनमधल्या एका हॉटेलच्या दालनात उभा असलेला ‘ॲक्वाडोम’ फुटला. सुमारे १० लाख लिटर खारं पाणी दरवाजे तोडून रस्त्यावर आलं, दोन माणसं जखमी झाली आणि जवळपास १,५०० माशांपैकी बहुतेक सगळे मेले. तज्ज्ञांनी पुढे कित्येक महिने तुकडे तपासले, तरी फुटण्याचं नेमकं कारण त्यांना ठामपणे सांगता आलं नाही. घरी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवावा असं ज्याच्या मनात येतं, त्याला पहिली धास्ती असते ती अशा फुटण्याचीच.

प्रत्यक्षात घरगुती टँकमधले मासे काच फुटून क्वचितच मरतात. पाणी नितळ आहे, दिवे लागले आहेत, पंप चालू आहे, अशा वेळी ते दगावतात. आणि हे बहुतेकदा दोन प्रसंगी घडतं: टँक नवा लावताना, नाहीतर जुना टँक दुसऱ्या घरी नेताना. या दोन्ही वेळी घाई असते आणि घाईच्या जोडीला काही पक्क्या समजुती असतात. त्यातल्या बऱ्याच गोड्या पाण्याच्या टँकवरून उचललेल्या आहेत.

‘पाणी दोन दिवस फिरवलं की मासे सोडायला हरकत नाही’

सगळ्यात जास्त मासे या समजुतीपायी मरतात. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. समुद्रात तो विरून जातो, टँकमध्ये साचतो. त्याचं आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू असतात, पण ते नव्या टँकमध्ये आपोआप हजर नसतात. त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. छंदातले लोक याला सायकलिंग म्हणतात. या काळात टँकमध्ये अमोनियाचा थोडा पुरवठा करावा लागतो आणि टेस्ट किटने आकडे पाहावे लागतात. अमोनिया वाढतो, उतरतो, मग नायट्राइट वाढतो आणि तोही उतरतो. दोन्ही शून्यावर आले की टँक माशांसाठी तयार झाला.

खाऱ्या पाण्यात हे अधिक जपावं लागतं, त्याला रासायनिक कारण आहे. पाण्यातल्या अमोनियाचा काही भाग विषारी वायुरूपात असतो आणि उरलेला त्यामानाने सौम्य अमोनियम रूपात. पीएच ७ असेल तर विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे हाच भाग दहापटीहून अधिक होतो. त्यामुळे गोड्या पाण्यातल्या गप्पीने सहज निभावून नेलेला अमोनिया क्लाउनफिशचा जीव घेऊ शकतो. ‘आधी दोन स्वस्तातले डॅमसेल सोडून बघा, जगले तर बाकीचे आणा’ हा दुकानातला सल्लाही सोडून द्यायला हवा. टेस्ट किट जे सांगतं ते कळण्यासाठी जिवंत माशाचा बळी द्यायचं कारण नाही.

‘समुद्राचं मीठ ते समुद्राचं मीठ’

पेण-उरणच्या मिठागरातलं जाडं मीठ समुद्रातूनच येतं, मग तेच पाण्यात विरघळवलं तर काय बिघडलं? बिघडतं ते मीठ तयार होण्याच्या पद्धतीमुळे. पाणी आटत जातं तसे चुन्याचे क्षार आधी खाली बसतात, मग सोडियम क्लोराइडचे खडे धरतात आणि मॅग्नेशियमने भरलेलं कडवट पाणी शेवटी काढून टाकलं जातं. हाती येतं ते खाण्याचं मीठ. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पीएच सांभाळणारे कार्बोनेट त्यात पुरेसे उरत नाहीत. म्हणून टँकसाठी तयार केलेलं मिश्रणच घ्यावं लागतं. त्यातून दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार मिळायला हवेत. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर २५ अंशांना घनता १.०२६ च्या जवळपास दिसते.

मिश्रण वेगळ्या पिंपात करावं. आधी पाणी, मग पंप चालू ठेवून थोडं थोडं मीठ. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर सुरुवातीच्या दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन खाली बसतं आणि ते सहजी पुन्हा विरघळत नाही. दगड आणि मासे असलेल्या टँकमध्ये थेट मीठ टाकणं तर चूकच.

मुंबईच्या चौपाटीवरून कॅन भरून आणणारेही आहेत. तिथल्या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळतं, पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पाण्याने खारेपणा उतरतो आणि गाळ वाढतो. नळाचं पाणीही तसंच वापरू नये. फॉस्फेट, नायट्रेट आणि तांब्याचा अंश आरओ केल्याशिवाय जात नाही. माशांना न जाणवणारं तांबं कोळंबी, शंख आणि इतर अपृष्ठवंशी जिवांना मारतं.

रोज कमी होणाऱ्या पाण्याबद्दलही घोळ होतो. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टँकमध्येच राहतं. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याने. खारं पाणी घालत राहिलं तर खारेपणा दर आठवड्याला चढत जातो.

‘जुनं पाणी जपलं की टँक जपला’

घर बदलताना लोक पिंपंच्या पिंपं भरून जुनं पाणी नेतात आणि दगड मात्र गोणपाटात गुंडाळून टेम्पोत टाकतात. नेमकं उलट व्हायला हवं. अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः पृष्ठभागांवर राहतात: दगडांच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजवर. पाण्यात तरंगणारे फार थोडे. थोडं जुनं पाणी नेण्यात फायदा आहे, कारण मासे आणि दगड त्यातून नेता येतात आणि खारेपणा तोच राहतो. पण दगड सुकले तर त्यांच्यावरचे जिवाणू मरतात आणि नव्या घरी टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. दगड त्याच खाऱ्या पाण्यात बुडवून, झाकणाच्या डब्यांतून न्यावेत.

बंद कॅनिस्टर फिल्टर बंद करून जसाच्या तसा नेणं ही आणखी एक चूक. आतल्या पाण्यातला ऑक्सिजन जिवाणूच संपवतात आणि मग ते सडू लागतात. नव्या घरी बटण दाबलं की ते कुजलेलं पाणी थेट माशांवर येतं. फिल्टर उघडून आतलं साहित्य टँकच्या पाण्यात, हवा चालू ठेवून न्यावं.

वाळूची गोष्ट सर्वांत धोक्याची. दोन-तीन वर्षं जुन्या वाळूच्या तळाशी साचलेला गाळ असतो आणि थर खोल असेल तर ऑक्सिजन नसलेल्या भागात हायड्रोजन सल्फाइड तयार होतं. फावड्याने वाळू उपसताना सडक्या अंड्यांचा वास आला, तर तो त्याचाच. ही वाळू तशीच पुन्हा पसरली तर त्याच रात्री अमोनिया चढतो. मासे आधी बाहेर काढावेत, वाळू खाऱ्या पाण्यात खळखळून धुवावी किंवा सरळ नवी घ्यावी. पैसे वाचवायचे असतील तर ते वाळूवर वाचवू नयेत.

‘तळाशी थोडं पाणी ठेवून टँक उचलू’ हा टेम्पोवाल्यांचा आग्रह ठामपणे मोडावा. १२० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टँकमध्ये फक्त १० सेंटिमीटर पाणी ठेवलं तरी त्याचं वजन ५५ किलो भरतं आणि जिन्याच्या वळणावर ते सगळं एका कोपऱ्यात जातं. तळाची काच आणि सिलिकॉनचे जोड या पिळासाठी बनवलेले नसतात. हाच टँक काठोकाठ भरला की नुसतं पाणीच अडीचशे किलोच्या घरात जातं, तेव्हा नव्या घरी जागा आणि स्टँड आधी ठरवून, पातळी तपासूनच पाणी भरावं. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं निवू द्यावा. पाण्याबाहेर तापलेली काच तडकते.

हवा आणि वेळ

२५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७. म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशाकडे मुळातच शिल्लक कमी. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही त्यामुळे चैन ठरत नाही. २००५ साली कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या मत्स्यालयात जनरेटर बंद पडला आणि सुमारे १०,००० मासे गेले. सगळी यंत्रणा असलेल्या संस्थेची ही गत झाली. प्रवासाच्या आदल्या दिवशी माशांना खायला न देणंही महत्त्वाचं, कारण पोट रिकामं असलं की डब्यातलं पाणी कमी खराब होतं.

मासा आल्यावर तासन्‌तास थेंबथेंब नवं पाणी सोडत राहिलं की तो हळूहळू रुळतो, असं अनेक जण मानतात. दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाबाबत ते चालतं. लांबून, दहा-बारा तास बंद पिशवीत आलेल्या माशाबाबत ते घातक ठरू शकतं. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, म्हणून साचलेला अमोनियाही सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली, वायू निघून गेला, पीएच चढला, की तोच अमोनिया विषारी होतो आणि मासा त्यातच तासभर बसतो. अशा वेळी पिशवी तरंगवून तापमान जुळवावं, खारेपणा आधीच विचारून तेवढंच पाणी वेगळ्या डब्यात तयार ठेवावं आणि पिशवीतलं पाणी न घेता मासा लगेच त्यात हलवावा.

माणसांनाही धोका आहे

‘पाण्यात उकळला की दगड स्वच्छ होतो’ या समजुतीने लोक इस्पितळात पोहोचले आहेत. दगडावर चिकटून वाढणाऱ्या काही झोअँथिड जिवांमध्ये, विशेषतः पॅलिथोआ गटात, पॅलीटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. दगड उकळला, घासला किंवा त्यावर जोराचा फवारा मारला की ते वाफेतून किंवा तुषारांतून श्वासात जातं. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये एका घरी टँकची सफाई करताना असं झालं आणि मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांसह दहा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. अमेरिकेत अलास्कातही २०१२ ते २०१४ दरम्यान अशा विषबाधांची नोंद झाली. तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव, ताप, खोकला, थकवा ही लक्षणं. दगड हलवायचे तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच, लक्षणं दिसली तर डॉक्टरांना टँकबद्दल आवर्जून सांगावं.

नळी तोंडाने ओढून पाणी काढण्याची सवयही सोडावी. हातावर जखम असताना टँकमध्ये हात घातला तर मायकोबॅक्टेरियम मरिनम या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो; त्याच्या गाठी महिनोन्‌महिने टिकतात आणि निदान उशिरा होतं, कारण रुग्णाला टँकचा संबंध सुचतच नाही. आणि जाळीतला लायनफिश डसलाच तर बर्फ लावू नये. हात सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंशांच्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि डॉक्टर गाठावा.

‘मेलेलं प्रवाळ ठेवायला काय हरकत?’

हरकत कायद्याची आहे. भारतात सर्व खडक बांधणारी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. हे संरक्षण मेलेल्या तुकड्यालाही लागू होतं. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, विजयदुर्गसमोरच्या आंग्रिया बँकेवर आहे. तिथून पिशवीत घालून आणलेला पांढरा तुकडा हा गुन्हा ठरतो. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगडही बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्याऐवजी छिद्रं असलेले सिरॅमिकचे दगड मिळतात, जिवाणूंना तेही चालतात. फक्त वेळ द्यावा लागतो.

आणि सगळे मासे नव्या घरी नेता येणार नसतील तर? ‘समुद्रातलेच आहेत, समुद्रात सोडून देऊ’ ही भावना चांगली आहे, पण तिचे परिणाम फार वाईट झाले आहेत. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा आढळला, तो टँकमधून सुटल्याचं मानलं जातं आणि आज तो ब्राझीलपर्यंत पसरला आहे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयाखालच्या समुद्रात दिसलेलं कॉलर्पा हे शेवाळ भूमध्य समुद्रात पसरलं. कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत ते २००० साली सापडलं तेव्हा ते नष्ट करायला सहा वर्षं आणि लाखो डॉलर लागले. म्हणून टँक मोडताना मासे ओळखीच्या छंदी माणसाला किंवा दुकानाला द्यावेत, शेवाळ उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात टाकावं. खाडीत, चौपाटीवर किंवा गटारात काहीही सोडू नये.