ब्लॉकचेन नोड, चाचणीसाठी

ब्लॉकचेन नोड, चाचणीसाठी : ब्लॉकचेन म्हणजे साखळीप्रमाणे एकमेकांशी जोडलेल्या खंडांत लिहिली जाणारी व्यवहारांची सामायिक नोंदवही होय. या वहीची प्रत स्वतःजवळ बाळगून येणारा प्रत्येक व्यवहार व प्रत्येक खंड ठरलेल्या नियमांनुसार स्वतः पडताळणाऱ्या आणि तो पुढील संगणकांकडे पाठविणाऱ्या संगणकास, किंबहुना त्यावर चालणाऱ्या आज्ञावलीस, नोड असे म्हणतात. झालेली नोंद रद्द करून देणारी मध्यवर्ती संस्था या व्यवस्थेत नसते. त्यामुळे नवी आज्ञावली प्रत्यक्ष पैशावर तपासून पाहणे धोक्याचे ठरते व चाचणीसाठी वेगळ्या साखळीवरील नोड उभारावा लागतो. येथे मुख्यतः बिटकॉइनच्या व तुलनेसाठी ईथेरियमच्या नोडचा विचार केला आहे.

बिटकॉइनची साखळी ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली. १५ ऑगस्ट २०१० रोजी तिच्या ७४,६३८ क्रमांकाच्या खंडात एका व्यवहाराने प्रत्येकी सु. ९,२२३ कोटी नाण्यांच्या दोन रकमा निर्माण केल्या. नाण्यांची एकूण कमाल संख्या २·१ कोटी ठरलेली आहे, हे लक्षात घेता या चुकीचे स्वरूप ध्यानात येते. दोन मोठ्या रकमांची बेरीज संगणकातील पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होते, याची तपासणी करावयाची राहिली होती. काही तासांत सुधारित आज्ञावली प्रसृत झाली व सदोष खंड मागे पडला.

मार्च २०१३ मधील प्रसंग अधिक बोधप्रद आहे. आज्ञावलीच्या ०·८ या आवृत्तीत माहितीसंचय साठविण्याची पद्धत बदलण्यात आली होती. एक मोठा खंड नव्या आवृत्तीच्या नोडांनी स्वीकारला, तर जुन्या आवृत्तीच्या अनेक नोडांनी नाकारला आणि साखळीस दोन फाटे फुटले. वस्तुतः दोष जुन्या आवृत्तीत होता. तिच्या माहितीसंचयात एका वेळी लावता येणाऱ्या कुलुपांची संख्या मर्यादित होती आणि ही मर्यादा कोणत्याही लिखित नियमात नव्हती. तथापि बहुसंख्य वापरकर्ते जुन्या आवृत्तीवर असल्याने खनन करणाऱ्यांना मागे वळून तीच वापरण्याची विनंती करावी लागली व नव्या फाट्यावरील खंड वाया गेले. लिहिलेले नियम आणि नोड प्रत्यक्षात पाळतो ते नियम एकच असतात असे गृहीत धरता येत नाही; चाचणी करावयाची असते ती दुसऱ्या प्रकारच्या नियमांची.

स्थानिक साखळी : मुख्य साखळीची संपूर्ण प्रत ठेवण्यास ६०० गिगाबाइटांहून अधिक जागा लागते (२०२५). विकसनासाठी तिची आवश्यकता नसते. बिटकॉइन कोअर ही आज्ञावली ‘रेगटेस्ट’ या प्रकारात सुरू केली असता त्याच संगणकावर शून्यापासून नवी, खाजगी साखळी तयार होते आणि तिची माहिती वेगळ्या उपफोल्डरात साठते. खननाचे कोडे येथे नाममात्र ठेवलेले असल्यामुळे आज्ञा देताच खंड निर्माण होतो. कामाचा क्रम साधा आहे : पार्श्वभूमीवर नोड चालू करणे, पाकीट तयार करणे, पत्ता घेणे व त्या पत्त्यावर १०१ खंड काढणे. हा आकडा सहेतुक आहे. खननाचे बक्षीस त्यावर आणखी १०० खंड चढल्याशिवाय खर्चता येत नाही. म्हणून १०१ व्या खंडानंतरच पहिल्या खंडाची ५० नाणी हाती येतात. मुख्य साखळीत दर २,१०,००० खंडांनंतर निमपट होणारे बक्षीस येथे दर १५० खंडांनंतर निमपट होते.

नवशिक्यास काही ठिकाणी हमखास अडखळावयास होते. शुल्काचा अंदाज बांधण्यासाठी नोडला मागील व्यवहारांची माहिती लागते. नव्या साखळीत ती नसल्याने नाणी पाठविण्याची पहिलीच आज्ञा बहुधा नाकारली जाते. यासाठी पर्यायी शुल्काचा दर आधीच निर्देशफायलीत लिहून ठेवतात. पाठविलेला व्यवहार कितीही वेळ वाट पाहिली तरी पक्का होत नाही, कारण येथे दुसरे कोणी खनन करीत नसते. आणखी एक खंड स्वतःच काढावा लागतो. तसेच शेवटचा खंड एका दिवसाहून जुना झाल्यावर नोड पुन्हा सुरू केल्यास तो स्वतःस मागे पडलेला समजतो व त्याची काही कार्ये थांबतात. एक नवा खंड काढताच ही अडचण दूर होते.

या प्रकाराचा खरा उपयोग दोन नोड एकत्र चालविल्यावर कळतो. प्रत्येकास वेगळा फोल्डर व वेगळी द्वारे द्यावी लागतात (सामान्यतः शेजाऱ्यांसाठी १८४४४ व आज्ञांसाठी १८४४३ हे क्रमांक असतात). दोघांमधील संबंध तोडून एकावर एक व दुसऱ्यावर दोन खंड काढावेत आणि मग ते पुन्हा जोडावेत. पहिला नोड आपला खंड टाकून देतो व अधिक काम झालेली साखळी स्वीकारतो. पक्का दिसणारा व्यवहार अशा वेळी पुन्हा अपक्व होतो. दुकानाच्या किंवा विनिमय केंद्राच्या आज्ञावलीने ही स्थिती ओळखली नाही, तर न मिळालेल्या पैशाचा माल ग्राहकास दिला जातो.

सार्वजनिक चाचणी जाळी : परक्या नोडांशी होणारा व्यवहार तपासण्यासाठी सार्वजनिक जाळे लागते. बिटकॉइनच्या ‘टेस्टनेट ३’ (२०१२) जाळ्यात वीस मिनिटांत खंड न मिळाल्यास किमान काठिण्याचा खंड काढण्याची सवलत होती. मात्र काठिण्य बदलण्याच्या आधीचा शेवटचा खंड असा निघाल्यास संपूर्ण जाळ्याचे काठिण्य किमान पातळीवर उतरे व खंडांचा पूर येई. परिणामी ही साखळी उंचीत मुख्य साखळीच्या कितीतरी पुढे गेली, बक्षीस नगण्य झाले आणि निर्मूल्य मानलेली नाणी चक्क विकली जाऊ लागली. हा दोष टाळून २०२४ मध्ये ‘टेस्टनेट ४’ पुढे आले. त्याआधी आलेल्या ‘सिग्नेट’ प्रकारात ठरावीक व्यक्तींच्या सहीशिवाय खंड ग्राह्य होत नाही. विकेंद्रीकरणाच्या तत्त्वाशी हे विसंगत असले, तरी चाचणीसाठी लागणारी नियमितता त्यामुळे मिळते.

ईथेरियम : १५ सप्टेंबर २०२२ पासून ईथेरियमच्या पूर्ण नोडसाठी दोन आज्ञावल्या जोडीने चालवाव्या लागतात, एक व्यवहार पार पाडते व दुसरी सहमती ठरविते. करारांच्या दैनंदिन चाचणीसाठी मात्र हार्डहॅटसारखे अनुकारी नोड पुरतात. त्यात प्रत्येकी १०,००० चाचणी-ईथर असलेली वीस खाती तयार मिळतात. या खात्यांच्या गुप्त किल्ल्या सर्वांना सारख्याच व ज्ञात असतात. म्हणून मुख्य साखळीवर त्या पत्त्यांवर पाठविलेले खरे ईथर गमावल्यातच जमा असते.

सार्वजनिक जाळ्यांपैकी रॉप्स्टेन २०१७ मध्ये हल्ल्यामुळे काही काळ निरुपयोगी झाले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पेक्ट्रा’ हा बदल प्रथम होलेस्की या जाळ्यावर लागू करण्यात आला, तेव्हा अनेक व्यवहार-आज्ञावल्यांत त्या जाळ्यासाठी ठेव-कराराचा पत्ता चुकीचा नोंदविलेला आढळला. बहुसंख्य नोड चुकीच्या फाट्यावर गेले आणि खंडांस अंतिमता मिळणे सु. दोन आठवडे बंद राहिले. त्यामुळे मार्चमध्ये ‘हूडी’ हे नवे जाळे उभारण्यात आले व ७ मे २०२५ रोजी तोच बदल मुख्य साखळीवर सुरळीत पार पडला.

दक्षता : नोडचे आज्ञाद्वार त्याच संगणकापुरते खुले ठेवावे, ते आंतरजालावर उघडे राहिल्यास पाकीट परक्याच्या ताब्यात जाऊ शकते. चाचणीत वापरलेली किल्ली मुख्य साखळीवर पुन्हा वापरू नये. बिटकॉइनमध्ये निरनिराळ्या जाळ्यांच्या पत्त्यांची आद्याक्षरे वेगळी ठेवली आहेत (मुख्य जाळ्यात ‘बीसी१’, चाचणी जाळ्यांत ‘टीबी१’, स्थानिक साखळीत ‘बीसीआरटी१’), त्यामुळे जाळ्यांची गल्लत पाकिटालाच ओळखता येते. ईथेरियममध्ये एकच पत्ता सर्व जाळ्यांवर चालतो व केवळ व्यवहारात लिहिलेल्या साखळी-क्रमांकावरून जाळे ठरते. सही करण्यापूर्वी तो क्रमांक पाहणे हे तेथे वापरकर्त्याचे काम असते.