गिटार कुठली, हे ऐकतं कोण?

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात अरणगाव येतं. तिथल्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. दरवर्षी 31 जानेवारीच्या अमरतिथीला इथे हजारो माणसं जमतात. त्यांत आंध्रातली असतात, उत्तर प्रदेशातल्या हमीरपूरकडची असतात, तशीच अमेरिकन आणि इंग्लिशही असतात. दुपारी बाराची मौनाची पंधरा मिनिटं सोडली, तर गाणं-भजन चालूच असतं. कुणाकडे पेटी, कुणाकडे ढोलक, कुणाच्या खांद्याला गिटार. ती गिटार कोणत्या कंपनीची, हे विचारायला तिथे कुणालाच सवड नसते.

गंमत म्हणजे जगातल्या एका गाजलेल्या अकूस्टिक गिटारीचं या टेकडीशी जवळचं नातं आहे. ‘द हू’ या इंग्लिश बँडचा पीट टाउनशेंड 1960च्या दशकाच्या अखेरीस मेहेरबाबांचा अनुयायी झाला. रंगमंचावर इलेक्ट्रिक गिटारी आपटून फोडणारा माणूस म्हणून तोवर त्याची ख्याती होती. 1968मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या ‘मॅनीज’ या दुकानातून गिब्सन कंपनीची जे-200 ही अकूस्टिक गिटार घेतली. पुढच्याच वर्षी 31 जानेवारीला मेहेरबाबांनी नगरजवळच्या मेहेराझादला देह ठेवला. त्यानंतरच्या फेब्रुवारीत लंडनमध्ये ‘पिनबॉल विझर्ड’ ध्वनिमुद्रित झालं. त्याच्या सुरुवातीला सरसर वाजणारी गिटार ती हीच. हे गाणं ज्यात आहे त्या ‘टॉमी’ अल्बमच्या श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहे. 1971च्या ‘बाबा ओ’रायली’मधले ‘बाबा’ही तेच. सत्तरच्या दशकात टाउनशेंड स्वतः नगरला येऊन गेला. त्याने भारतात एकट्याने वाजवलेलं ‘ड्राउन्ड’ हे गाणं 2018मध्ये त्याच्या ‘हू केम फर्स्ट’ या जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत आलं.

आता ‘पिनबॉल विझर्ड’ ऐकून किती जण सांगतील, की ही गिब्सन आहे, मार्टिन कंपनीची नव्हे? ऐकणाऱ्याला ओळखू येतो तो टाउनशेंडचा उजवा हात. तारांवरून फिरणारा त्याचा झपाटा, मध्येच दिलेला दाब, पुन्हा सोडलेली मोकळी तार. गिटार ओळखायचीच झाली तर डोळ्यांनी ओळखावी लागते, कारण ती बनवलीच होती दिसण्यासाठी. गिब्सनने 1937मध्ये या घाटाची पहिली गिटार बनवली ती रे व्हिटली या काउबॉय सिनेमांत गाणाऱ्या नटासाठी. भलंमोठं अंग, तारा जिथे अडकवतात तो ब्रिज मिशीच्या आकाराचा, शेजारच्या पट्टीवर फुलं रंगवलेली. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ही गिटार दिसते. तिचा नाद वेगळा काढणं हे मात्र कानाचं काम, आणि कान इथे चांगलाच चकतो.

लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहण्यासारखा आहे. एका इंग्लिश कारागिराने सहा गिटारी घडवल्या. घाट तोच, फक्त मागची आणि बाजूची लाकडं निराळी: ब्राझिलियन रोझवुड, भारतीय रोझवुड म्हणजे आपला शिसव, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. 52 वादकांनी अंधुक उजेडात, वेल्डिंगवाल्यांचे काळे चष्मे लावून त्या वाजवल्या. कोणती कोणत्या लाकडाची हे दिसू नये म्हणून हा खटाटोप. त्यांनी सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच गुण दिले. ब्राझिलियन रोझवुड दुर्मीळ, त्याच्या व्यापारावर 1992पासून आंतरराष्ट्रीय बंदी, त्यामुळे किंमत अवाच्या सवा. पण डोळे झाकल्यावर त्याची मिजास उतरली. वादकाच्या कुशीत गिटार असते, तिची थरथर त्याच्या छातीला लागते. त्यालाच ओळखता आलं नाही, तर पन्नास फुटांवर खुर्चीत बसलेल्याची काय कथा!

व्हायोलिनवाल्यांचा अनुभवही असाच आहे. पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये श्रोत्यांपुढे पडद्याआडून जुनी स्ट्रॅडिव्हेरियस आणि नवी कोरी व्हायोलिनं वाजवली गेली. 2017मध्ये निष्कर्ष आले. जुनं कुठलं, नवं कुठलं हे श्रोत्यांना सांगता आलं नाही आणि एकंदरीत त्यांना नवीच जास्त आवडली.

शिवाय कार्यक्रमात लाकडाचा नाद आपल्यापर्यंत थेट येतच नाही. कार्यक्रमांत वाजणाऱ्या बऱ्याच अकूस्टिक गिटारींच्या ब्रिजखाली एक पातळ पट्टी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. ती तारेचा दाब पकडून त्याची वीज करते. मग वायर, मिक्सर, अॅम्प्लिफायर आणि मंडपाच्या दोन्ही बाजूंचे भोंगे. या प्रवासात महाग आणि स्वस्त गिटारीतला बारीक फरक बराचसा पुसला जातो. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात गिटार गोड लागली, तर निम्मं श्रेय साउंडवाल्याचं असतं. त्याचं नाव मात्र कुणी पुकारत नाही.

याचा कळस 1993च्या नोव्हेंबरमध्ये झाला. निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन न्यूयॉर्कमध्ये ‘अनप्लग्ड’ या कार्यक्रमात वाजवायला बसला. कार्यक्रमाचं नाव सांगतं की विजेचा खेळ नाही. कोबेनला मात्र अॅम्प्लिफायर हवाच होता. शेवटी तो ठेवला, पण पुढे खोटं खोकं लावून, जणू वादकासमोरचा साधा मॉनिटर आहे अशा बेताने. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. कोबेनच्या मांडीवर मार्टिन डी-18ई होती. हे मॉडेल मुळात बाजारात फारसं चाललेलं नव्हतं. जून 2020मध्ये तीच गिटार लिलावात 60 लाख डॉलरना गेली. म्हणजे श्रोत्याला गिटारीचं काहीच सोयरसुतक नसतं असंही म्हणता येत नाही. त्याला ती हवी असते, पण वाजून झाल्यावर, कुणी वाजवली हे कळल्यावर.

मेहेरबाबांची टेकडी ज्या नगर जिल्ह्यात आहे, तिथला श्रोता मात्र दुसऱ्या वाद्याच्या बाबतीत असा सहज फसत नाही. संगमनेर ही तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांची कर्मभूमी. तमाशाच्या फडांचा इथल्या जत्रांशी जुना घरोबा. फडासमोर मातीत मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्याला ढोलकी किंचित उतरलेली चालत नाही. पावसाळी हवेत चामडं सैल पडलं, की सोंगाड्या तोंड उघडायच्या आत त्याला ते कळतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक कमी पडली, की कीर्तनातला जुना वारकरी मान वळवून पाहतो. यांतल्या कुणी अकूस्टिक्सचा अभ्यास केलेला नसतो. आयुष्यभर तो नाद कानावर पडलेला असतो, एवढंच. गिटारीला आपल्या गावांत अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत.

वादकाने तरीही गिटार निवडून घ्यावी, पण कारणं वेगळी. गळ्याची जाडी हाताला बसते का, तारा फळीपासून फार उंच नाहीत ना, वरच्या पडद्यांवर सूर बेसूर होत नाही ना. नगरची हवा तर अकूस्टिक गिटारीची परीक्षाच घेते. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. मार्च उजाडला की हवेतला ओलावा आटतो, लाकूड आकसतं, पातळ फळीला चीर जाऊ शकते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं, तारा उचलल्या जातात आणि बोटं दुखू लागतात. सूर इकडेतिकडे झाला, की तो शेवटच्या रांगेतही खटकतो. उपाय फार खर्चाचे नाहीत. उन्हाळ्यात गिटार भिंतीला टांगण्याऐवजी केसमध्ये बंद ठेवायची, आत ओलसर स्पंजची भोकं पाडलेली डबी सरकवायची, उन्हात उभ्या गाडीत ती विसरायची नाही, आणि कार्यक्रमाच्या एक-दोन दिवस आधी तारा बदलायच्या, म्हणजे त्या ताणून स्थिरावतात.