काळी खपली
(लेखमाला ‘रानातले ताप’ : भाग ४)

पाऊस ओसरतो, लाल कांद्याची निंदणी उरकत येते आणि लासलगाव, विंचूर, निफाड या पट्ट्यातल्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात. या तापाची नावं ठरलेली आहेत. पहिले दोन दिवस तो ‘व्हायरल’ असतो. चौथ्या दिवशी रक्त तपासलं की ‘टायफॉइड निघाला’ आणि पेशी कमी दिसल्या तर ‘डेंगीसारखा आहे’. बहुतेकांचा ताप या नावांखाली उतरतोही. हा भाग उरलेल्यांविषयी आहे. सलाईन झाली, इंजेक्शनं झाली, आठवडा उलटला, तरी ताप हटत नाही आणि एक दिवस अचानक दम लागायला लागतो, अशा रुग्णांविषयी.

मुलं-नातवंडं अमेरिकेत असलेल्या घरांत ‘लाइम’ रोगाचं नाव आता ओळखीचं झालं आहे. तिथं अंगणात खेळून आलेल्या मुलाच्या अंगावर गोचीड शोधतात, ते या रोगाच्या धास्तीनं. त्याची कथा इथं थोडक्यात सांगायला हवी, कारण आपल्या रानातल्या तापाशी तिचं जवळचं नातं आहे. १९७५ च्या सुमारास कनेक्टिकट राज्यातल्या लाइम आणि आसपासच्या गावांत बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टरांनी त्याला लहान मुलांचा संधिवात म्हटलं. पॉली मरे या आईला ते पटलं नाही. घरातल्या सगळ्यांच्या तक्रारींच्या नोंदी ती वर्षानुवर्षं ठेवत होती. पुरळ, डोकेदुखी, सांधेदुखी, थकवा असं सगळं त्यात होतं. तिनं आणि आणखी एका आईनं आरोग्य खात्याकडे पाठपुरावा केला, तेव्हा येल विद्यापीठातले अ‍ॅलन स्टीअर तपासाला लागले. गोचिडीतून येणारा जिवाणू विली बर्गडॉर्फर यांनी शोधला आणि १९८२ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. हा रोग कुणाच्या कातडीवर पसरत जाणारं लाल वर्तुळ होऊन दिसतो, कुणाचा अर्धा चेहरा लुळा पाडतो, कुणाच्या हृदयाचे ठोके मंदावतो आणि कुणाचा गुडघा काही महिन्यांनी सुजवतो. वर्तुळ सगळ्यांना उमटत नाही. रक्तातली प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे जातात, म्हणून सुरुवातीची तपासणी अनेकदा कोरी येते. मग रुग्ण आज त्वचेच्या डॉक्टरांकडे, उद्या हाडांच्या आणि परवा मेंदूच्या डॉक्टरांकडे फिरत राहतो.

लाइम पसरवणारी गोचीड थंड, दमट जंगलातली. भारतात या रोगाची नोंद तुरळक आहे, तीही मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याकडची, ईशान्येकडची आणि कर्नाटकातल्या जंगलपट्ट्यातली. निफाड तालुक्यातल्या गाई-म्हशींवर दिसणाऱ्या गोचिडी वेगळ्या जातींच्या आहेत. त्यामुळे इथं बहुरूपी, हटवादी ताप आला तर पहिला संशय लाइमवर घेण्यात अर्थ नाही. तो घ्यायला हवा स्क्रब टायफसवर.

नावात ‘टायफस’ असला तरी टायफॉइडशी याचा काही संबंध नाही. ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू हा ताप आणतो आणि तो माणसात येतो एका माइटच्या चाव्यातून. मृगाच्या पहिल्या पावसात जमिनीवर लाल मखमली किडा फिरताना दिसतो, त्याची ही दूरची भावंडं. मोठी झालेली माइट मातीत राहते आणि माणसाच्या वाटेला जात नाही. चावते ती तिची अळी, तीही जन्मात एकदाच. सहा पायांची ही अळी जेमतेम पाव मिलिमीटरची असते. गवताच्या पात्यावर, बांधाच्या झुडपात ती वाट पाहत बसते. उंदीर-घुशी हे तिचं नेहमीचं खाद्य, माणूस मध्ये सापडतो. ती रक्त पीत नाही. कातडीतल्या पेशी विरघळवून तो रस दोन-तीन दिवस शोषते आणि गळून पडते. दुखत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. हा जिवाणू मादीकडून अंड्यांत उतरतो, त्यामुळे एखाद्या बांधावर तो पिढ्यान् पिढ्या टिकून राहू शकतो.

आता आपलं रान डोळ्यांपुढे आणा. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाळी कांद्याचं निंदण चालतं. बाया दिवसभर उकिडव्या बसून किंवा जमिनीवर टेकून सरकत सरकत खुरपतात. डबा बांधावरच्या गवतात बसून खातात. पुढे द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू होते. त्यासाठी पेठ, सुरगाण्याकडून आलेली मजूर कुटुंबं मळ्यातच पाल टाकून राहतात. जनावरांसाठी गवत कापणं, कांदाचाळीभोवतीचं रान काढणं ही कामं वेगळीच. उंदीर कुठे नाहीत? या माइटला लागतं ते गवत, ओल आणि उंदीर, आणि इथं तिन्हींचा तुटवडा नाही. महाराष्ट्रात हा ताप नवा नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले आणि मृत्यूही झाले. ज्यांनी जीव गमावला त्यांतले बरेच जण उशिरा पोचले होते.

चावा आणि ताप यांत साधारण दहा-बारा दिवस जातात, कधी सहा, कधी एकवीस. तोवर ते रान विसरलेलं असतं. मग थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणं, लालसर डोळे. इथपर्यंत तो कुठल्याही तापासारखाच असतो. पुढे मात्र वाटा फुटतात. हा जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो आणि रक्तवाहिनी शरीरात नाही अशी जागा नाही. फुप्फुसात पाणी भरलं तर न्यूमोनिया वाटतो. यकृताला सूज आली, डोळे पिवळे झाले तर कावीळ म्हणतात. लघवी कमी झाली तर मूत्रपिंडाचा विकार, झटके आले तर मेंदूज्वर, प्लेटलेट्स घसरल्या तर डेंगी. नाव प्रत्येक वेळी नवं मिळतं आणि मूळ तेच राहतं.

या सगळ्या गोंधळात शरीर स्वतः एक खूण देतं. अळी जिथं चावली तिथं सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते, भोवती लाल कडा. ती दुखत नाही, खाजत नाही. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली, कानामागे, बेंबीत, म्हणजे कपडा घट्ट बसतो किंवा घाम साठतो तिथं ती असते. जांघेसारख्या ओल्या जागी खपली काळी पडतही नाही, फक्त उथळ जखम दिसते. सावळ्या कातडीवर ती सहज नजरेतून सुटते. सगळ्या रुग्णांना ती नसतेच. भारतातल्या काही ठिकाणी निम्म्याहून अधिक रुग्णांत आढळली, काही ठिकाणी फारच थोड्यांत. पण जिथं ती आहे तिथं निदान जवळजवळ पक्कं होतं, तेही एक रुपया खर्च न करता.

तरीही ती सापडत नाही, याची चीड येते. तापाची बाई दवाखान्यात येते. अंगावर साडी, त्यावर निंदायला जाताना घालायचा नवऱ्याचा जुना शर्ट. बाहेर रांग लागलेली. डॉक्टर नाडी पाहतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि गोळ्या लिहितात. काख, जांघ, छाती बघायला आडोसा लागतो, सोबत नर्स लागते, पाच मिनिटं लागतात. बाईला स्वतःला ती खपली माहीत असली तरी ‘काहीतरी चावलं असेल’ म्हणून ती बोलत नाही. संकोच दोन्हीकडून असतो आणि त्याची किंमत ती एकटी मोजते. लासलगावच्या बाजारात दिवसाला हजारो क्विंटल कांदा येतो, तो याच बायांच्या हातून लागलेला, निंदलेला, काढलेला. त्यांच्या तापासाठी एका पडद्याची आणि पाच मिनिटांची सोय व्हायलाच हवी.

खपली नसेल तर रक्ताकडे वळावं लागतं आणि तिथं घोटाळे आहेत. विडाल तपासणी आपल्याकडे इतक्यांना ‘पॉझिटिव्ह’ येते की त्या एका कागदावर टायफॉइड ठरवणं धोक्याचं आहे. स्क्रब टायफससाठी जुनी वाइल-फेलिक्स तपासणी आहे. एडमुंड वाइल आणि आर्थर फेलिक्स यांनी पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये ती शोधली. ती स्वस्त आहे, पण निम्मे-अधिक रुग्ण तिच्या हातून निसटू शकतात. तिच्यातला ‘ओएक्स-के’ हा आकडा वाढलेला असला तर उपयोगाचा, नसला तर त्यावरून रोग नाही असं म्हणता येत नाही. आयजीएम एलायझा बरीच भरवशाची आहे, पण प्रतिपिंडं तयार व्हायला पहिला आठवडा बहुधा निघून जातो. चौथ्या दिवशी पाठवलेला नमुना ‘निगेटिव्ह’ आला म्हणून फाइल बंद करू नये. अडचण लाइमचीच आहे. फरक इतका की लाइम सवड देतो आणि स्क्रब टायफस दुसऱ्या आठवड्यातच अतिदक्षता विभागात नेऊ शकतो.

म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांचा आग्रह असा आहे की संशय बळकट असेल तर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावं. औषध आहे डॉक्सीसायक्लिन, जुनं आणि स्वस्त. प्रौढांना साधारणपणे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सुमारे आठवडाभर. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. औषध लागू पडलं तर ताप बहुधा ४८ तासांत उतरतो, आणि ते उतरणंसुद्धा निदानाला बळकटी देतं. आपल्याकडे तापाला सर्रास दिली जाणारी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं इथं निकामी ठरतात. ती जिवाणूची भिंत बांधण्याचं काम रोखतात, आणि हा जिवाणू पेशीच्या आत दडलेला, त्याची भिंतही वेगळ्या धाटणीची. सलग पाच दिवस इंजेक्शनं घेऊनही ताप तसाच राहतो त्याचं एक कारण हे असू शकतं. गंभीर रुग्णांसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकारानं देशातल्या सात रुग्णालयांत अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र दिली तर एकट्या औषधापेक्षा परिणाम चांगला, हे त्यातून दिसलं.

गोरखपूरचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथं दर पावसाळ्यात शेकडो मुलं मेंदूज्वरानं दाखल व्हायची. जपानी मेंदूज्वराची लस आली, तरी मृत्यू थांबेनात. अनेक वर्षं विषाणूचा शोध चालला होता. २०१४ नंतरच्या तपासण्यांत यातल्या निम्म्याहून अधिक मुलांमागे स्क्रब टायफस असल्याचं पुढे आलं. मग मेंदूपर्यंत पोचण्याआधी, साध्या तापाच्या टप्प्यावरच प्राथमिक केंद्रांत डॉक्सीसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन देण्यावर भर आला.

स्क्रब टायफसचा एक भाऊ म्हणजे गोचीडताप. पिकं निघाल्यावर शेतात मेंढ्या बसवतात, कुत्री अंगणात असतात, त्यांच्या गोचिडींतून तो येतो. त्यात पुरळ उठतं, आणि तळहात-तळपायांवर उठलं तर संशय पक्का करावा. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लक्षणांना गुण देऊन हा ताप लवकर ओळखण्याची पद्धत मांडली, ती लहान दवाखान्यांना उपयोगी आहे. औषध तेच, डॉक्सीसायक्लिन.

घरी करण्यासारखं थोडं आहे, पण ते नेमानं करावं. निंदून आल्यावर त्याच कपड्यांत स्वयंपाकाला लागू नये. कपडे बदलून गरम पाण्यात भिजवावेत, अंग घासून धुवावं. डबा खाताना खाली गोणपाट अंथरावं, घराजवळचं गवत काढावं, उंदरांचा बंदोबस्त करावा. तापाच्या माणसाचं अंग घरातल्याच कुणी बाईनं किंवा पुरुषानं काखेपासून जांघेपर्यंत एकदा नीट पाहावं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ‘पंधरा दिवसांपूर्वी निंदायला जात होते’ हे आपणहून सांगावं, खपली असेल तर दाखवावी. घरात उरलेल्या डॉक्सीच्या चार गोळ्या मनानं घेऊ नयेत. त्यानं ताप दबतो आणि निदान अवघड होतं.

पुढच्या आठवड्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचा माकडताप.